फ्लीट वॉकर: न लिहिलेल्या नियमाचं प्रकरण

10 ऑगस्ट 1883. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज हा त्या काळातला बडा बेसबॉल संघ तिथं एका प्रदर्शनीय सामन्यासाठी आला होता. सामना सुरू व्हायच्या आधी शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन अडून बसला. बेसबॉलमध्ये तेव्हा त्याच्याइतकं वजन क्वचितच कुणाचं असेल. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की टोलेडोचा काळा कॅचर मैदानात उतरणार असेल तर आम्ही खेळणार नाही.

त्या कॅचरचं नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. सगळे त्याला फ्लीट म्हणायचे. खरं तर त्या दिवशी तो खेळणारच नव्हता. चेंडू झेलून झेलून हात दुखावले होते, म्हणून टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन यानं त्याला विश्रांती द्यायचं ठरवलं होतं. ॲन्सनची अट कानावर पडली आणि मॉर्टननं बेत बदलला. त्यानं वॉकरला राइट फील्डला उभं केलं आणि शिकागोला कळवलं, की खेळायचं नसेल तर गेटवर जमलेल्या पैशांतला तुमचा वाटा विसरा. ॲन्सन मुकाट्यानं मैदानात आला. दहा डाव चाललेला तो सामना शिकागोनं 7-6 असा जिंकला.

हा प्रसंग सांगून लोक बहुतेक वेळा थांबतात. ॲन्सन दुष्ट, मॉर्टन भला, संपलं. मला मात्र या प्रसंगानंतरची सहा वर्षं महत्त्वाची वाटतात. 1883 मध्ये ॲन्सनला माघार घ्यावी लागली आणि 1889 उलटेपर्यंत वॉकर संघटित बेसबॉलच्या बाहेर फेकला गेला होता. मधल्या काळात मोठ्या लीगमध्ये ‘काळ्यांना बंदी’ असा नियम कुणीही कागदावर आणला नाही. पुढंही आणला नाही. तरी वॉकर आणि त्याचा भाऊ वेल्डी यांच्यानंतर मोठ्या लीगमध्ये उघडपणे काळा म्हणून खेळणारा पुढचा माणूस यायला 1947 साल उजाडावं लागलं. तो जॅकी रॉबिन्सन. नियम नाही, मग 63 वर्षं दार बंद कसं राहिलं? वॉकरची कारकीर्द नीट उलगडली की दाराची कडी कुणी कुणी आणि कशी कशी लावली ते दिसतं.

माणूस कोण होता

वॉकरचा जन्म 7 ऑक्टोबर 1856 चा, ओहायोतल्या माउंट प्लेझंट या गावातला. म्हणजे अमेरिकेत गुलामगिरी अजून कायद्यानं चालू होती, पण ओहायो हे मुक्त राज्य होतं. तो लहान असतानाच कुटुंब जवळच्या स्टुबेनव्हिलला आलं. पुढं तो ओबर्लिन कॉलेजात शिकायला गेला. काळ्या विद्यार्थ्यांना आणि स्त्रियांना फार आधीपासून प्रवेश देणाऱ्या मोजक्या कॉलेजांपैकी हे एक. 1881 मध्ये तिथल्या कॉलेज संघात तो आणि त्याचा धाकटा भाऊ वेल्डी दोघेही होते. या संघानं मिशिगन विद्यापीठाला हरवलं आणि पुढच्याच वर्षी मिशिगननं वॉकरला आपल्याकडे ओढून घेतलं. तिथं तो कायद्याचा अभ्यास करायचा आणि कॅचर म्हणून खेळायचा.

त्या काळच्या धंदेवाईक बेसबॉलपटूंमध्ये कॉलेजची पायरी चढलेले फार थोडे होते. खाणकामगारांची, विणकरांची, आयर्लंडहून आलेल्यांची पोरं या खेळात पैसा मिळतो म्हणून यायची. त्या गर्दीत वॉकर हा शिक्षणानं आणि वागण्याबोलण्यानं उजवा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘लायकी मिळवा, मग आपोआप मान मिळेल’ हा सल्ला आपल्याकडेही फार दिला जातो. वॉकरनं लायकी मिळवून दाखवली होती.

कॅचरचे हात

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इथं थोडं थांबतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा कॅचरच्या कामात दडलेला आहे.

कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, पण दोन मोठे फरक आहेत. पहिला म्हणजे चेंडू टप्पा न पडता थेट येतो. 1884 मध्ये पिचर 50 फुटांवरून चेंडू टाकायचा. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची असते, त्यावरून अंदाज घ्या. वजनाला बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरासाच हलका. आजच्यासारखा जाड गादीचा मिट तेव्हा नव्हता. कॅचर उघड्या हातानं नाहीतर पातळ कातडी मोजे घालून झेलायचे. बोटं मोडायची, नखं उखडायची, तळवे सुजायचे. हंगामाच्या शेवटी कॅचरचा हात हा हात वाटायचा नाही.

दुसरा फरक खुणांचा. कोणता चेंडू टाकायचा, वळणारा की सरळ वेगवान, हे कॅचर बोटांच्या खुणेनं सुचवतो. पिचर मान डोलावतो आणि तसाच चेंडू टाकतो. चेंडू कुठं येणार हे आधी ठाऊक असतं म्हणूनच कॅचर तो झेलू शकतो. खुणेवर विश्वास नसेल तर कॅचर डोळे बांधून उभा राहिल्यासारखाच.

1884 मध्ये टोलेडोचा मुख्य पिचर होता टोनी मुलेन, जन्मानं आयरिश. त्या हंगामात त्यानं 36 सामने जिंकून दिले. पुढं 1919 साली, म्हणजे 35 वर्षांनी, त्यानं एका वर्तमानपत्राला स्वतःच सांगितलं, की आपण ज्यांच्याबरोबर खेळलो त्या सगळ्यांत वॉकर हा सर्वोत्तम कॅचर होता, पण काळा माणूस आपल्याला नकोसा होता, म्हणून त्याच्या खुणांकडे न बघता आपण मनाला येईल तो चेंडू टाकायचो. एकदा वॉकरनं वळणाऱ्या चेंडूची खूण केली आणि मुलेननं वेगवान चेंडू मारला. वॉकरनं तो झेलला आणि चालत मुलेनपर्यंत गेला. म्हणाला, खुणांशिवाय झेलायचं असेल तर मी झेलीन, पण मी खूण करायची आणि तुम्ही उलटं करायचं हे चालणार नाही. उरलेला हंगाम त्यानं काय येतंय हे माहीत नसताना मुलेनचा प्रत्येक चेंडू झेलला.

हा प्रसंग वाचल्यावर मला बराच वेळ पुढं सरकता आलं नाही. एका संघाचे दोघं. चेंडू निसटला तर नुकसान दोघांच्याही संघाचं. तरीसुद्धा एक जण दुसऱ्याची खूण घ्यायला तयार नाही. आणि मग आकडेवारीच्या वहीत काय उतरतं? निसटलेले चेंडू, चुका, दुखापती. वहीत ‘पिचरनं खूण पाळली नाही’ असा रकाना नसतो. वॉकरच्या खेळातल्या चुका मोजणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

पायरी पायरीनं

आता घटना क्रमानं पाहू.

ऑगस्ट 1881. वॉकर क्लीव्हलंडच्या एका शिलाई मशीन कंपनीच्या संघातून केंटकी राज्यातल्या लुइव्हिलला खेळायला गेला. केंटकीत 1865 पर्यंत गुलामगिरी होती. यजमानांनी त्याला खेळू देण्यास नकार दिला. त्याच्या जागी उभ्या केलेल्या कॅचरचा हात पहिल्याच डावात दुखावला. तेव्हा प्रेक्षकांतूनच वॉकरच्या नावाचा पुकारा झाला. वॉकर खाली उतरला, त्यानं सरावाचे चार चेंडू झेलूनही दाखवले. तेवढ्यात यजमान संघातले दोघं मैदान सोडून निघून गेले आणि वॉकरला परत बाकावर जावं लागलं. गुलामगिरीतून बाहेर पडून सोळा वर्षंच झालेल्या राज्यातले प्रेक्षक त्याला बघायला तयार होते, खेळाडू नव्हते. हे पुढंही अनेकदा दिसतं.

मार्च 1883. टोलेडो संघ ज्या नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये होता तिच्या बैठकीत पिओरिया शहराच्या प्रतिनिधीनं काळ्या खेळाडूंना बंदी घालण्याचा ठराव मांडला. जोरदार वाद झाला आणि ठराव मागे घेतला गेला. वॉकर खेळला आणि त्या वर्षी टोलेडोनं लीग जिंकली. मग ऑगस्टमधला तो ॲन्सनचा प्रसंग.

ऑक्टोबर 1883. ही तारीख बेसबॉलची नाही, पण ती सोडून पुढं जाता येणार नाही. रेल्वेत, खाणावळीत, नाटकगृहात वर्णावरून भेद करू नये असा 1875 चा केंद्रीय कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. खासगी माणसानं केलेला भेदभाव रोखणं हे केंद्राचं काम नाही, असा त्याचा अर्थ निघाला. खेळाचे क्लब खासगीच होते.

इथं आपल्या इतिहासातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं होतं, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा त्यात होती. त्या अर्पणपत्रिकेला दहा वर्षं होत होती आणि तिकडे मिळालेले हक्क एकेक करून काढून घ्यायला सुरुवात झाली होती. जोतीरावांची आशा चुकीची नव्हती. आशा ठेवण्याजोगं काही तिथं खरंच घडलं होतं, ते टिकवलं गेलं नाही.

1884 मध्ये टोलेडोनं अमेरिकन असोसिएशन या मोठ्या लीगमध्ये प्रवेश केला आणि त्याबरोबर वॉकर मोठ्या लीगचा खेळाडू झाला. 1 मे ला पहिला सामना, तोही पुन्हा लुइव्हिललाच. एकही हिट नाही, चार चुका, टोलेडोची 5-1 अशी हार. पण हंगामाचा हिशेब वेगळा आहे. 42 सामने, 152 वेळा फलंदाजी, 40 हिट, सरासरी .263. संघाच्या एकूण सरासरीपेक्षा ही चांगलीच वर होती आणि ती सुजलेल्या हातांनी काढलेली होती. त्याच हंगामात वेल्डीही मोजके सामने खेळला.

माझ्या मते मुख्य वळण

आणि आता ते पत्र, जे मला टोलेडोच्या मैदानावरच्या भांडणापेक्षाही मोठं वाटतं. 1884 च्या जुलैत शिकागोचा संघ पुन्हा टोलेडोला यायचा होता. एप्रिलमध्येच शिकागो क्लबच्या कार्यालयातून मॉर्टनला पत्र आलं. मजकुराचा आशय असा, की आमच्या व्यवस्थापनाचं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही, पण आमच्या खेळाडूंचा ठाम विरोध आहे, तेव्हा संघात सलोखा राहावा म्हणून 25 जुलैला तुमचा काळा खेळाडू कोणत्याही जागी खेळणार नाही अशी लेखी हमी द्या.

भाड्यानं घर शोधताना नको असलेल्या आडनावाच्या किंवा धर्माच्या माणसाला जे ऐकावं लागतं तेच हे वाक्य. ‘आमचं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’ बोलणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. ज्याला चालत नाही तो समोर येत नाही, आणि समोर येतो त्याला म्हणे काही अडचण नसते.

वर्षापूर्वी ॲन्सन मैदानावर, लोकांसमोर नाही म्हणाला होता. तिथं त्याला माघार घ्यावी लागली, कारण लोक आले होते, पैसे जमले होते, मॉर्टनच्या हातात काहीतरी होतं. पत्र आलं तीन महिने आधी, बंद पाकिटातून. लोकांना पत्ता नाही, वर्तमानपत्रांना खबर नाही. मॉर्टनसमोर आता दोनच वाटा होत्या. मोठ्या संघाची फेरी घालवायची, नाहीतर एका खेळाडूला एक दिवस बाकावर बसवायचं. सामना झाला. वॉकर खेळला नाही.

मॉर्टनवर मी सगळा ठपका ठेवत नाही. टोलेडोचा क्लब पैशांनी खिळखिळा होता आणि त्या हंगामाबरोबरच मोठ्या लीगमधून गेलाही. पण एक दिवसाची ही सवलत फार महागात पडली, कारण कोणाचंही नाव खराब न होता वॉकरला वगळता येतं हे तिनं सगळ्यांना शिकवलं.

सप्टेंबरात आणखी एक पत्र आलं, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातून. वॉकर खेळाचे कपडे घालून मैदानात दिसला तर 75 माणसं त्याच्यावर चालून जाण्याची शपथ घेऊन बसली आहेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली चार सह्या. वॉकरवर तिथं जायची वेळ आलीच नाही. जुलैत चेंडू लागून त्याची बरगडी मोडली होती, आणि सप्टेंबर संपता संपता टोलेडोनं त्याला मोकळं केलं. म्हणजे कागदोपत्री तो गेला तो दुखापतीमुळे. रंगाचा उल्लेख कुठंच नाही.

पुढच्या दोन वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. क्लीव्हलंड, मग कनेटिकटमधलं वॉटरबरी. क्लब उघडायचे, बंद पडायचे आणि खेळाडू गाव बदलायचे. वॉकर खेळत राहिला.

1887 मध्ये तो न्यूअर्कला आला. इंटरनॅशनल लीग ही मोठ्या लीगच्या खालची, पण तगडी लीग. तिथं जॉर्ज स्टोव्ही हा काळा डावखुरा पिचर आणि वॉकर कॅचर अशी जोडी जमली. स्टोव्हीनं त्या हंगामात तीसहून जास्त सामने जिंकले. खुणा आता पाळल्या जात होत्या. मुलेन आणि स्टोव्ही या दोन नावांमध्ये काय फरक पडला ते या एका वाक्यात आलं.

14 जुलै 1887 ला शिकागोचा संघ न्यूअर्कला आला. स्टोव्ही गोलंदाजी करणार असं ठरलं होतं. ॲन्सननं पुन्हा तोच आग्रह धरला. स्टोव्ही खेळला नाही, वॉकरही नाही. लोकांना सांगितलं गेलं की स्टोव्ही आजारी आहे. मॉर्टनसारखं ‘मग पैसे विसरा’ म्हणायला या वेळी कुणी उभं राहिलं नाही. त्याच दिवशी बफेलो शहरात इंटरनॅशनल लीगच्या संचालकांची बैठक भरली होती. यापुढं काळ्या खेळाडूंचे नवे करार मंजूर करू नयेत, असं त्यांनी 6 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं.

या ठरावाची घडण नीट बघावी. असलेल्यांना काढा असं तो म्हणत नाही. नवीन घेऊ नका, एवढंच. म्हणजे कुणालाही हाकलण्याचा वाईटपणा घ्यावा लागत नाही. आजचे खेळाडू म्हातारे होतील, दुखापतीनं गळतील, आणि जागा आपोआप गोऱ्या होत जातील. वॉकर 1888 मध्ये सिराक्यूजला गेला, त्या वर्षी सिराक्यूजनं लीग जिंकली, आणि 1889 च्या ऑगस्टमध्ये त्याला मोकळं करण्यात आलं. तेव्हा तो जवळपास 33 वर्षांचा होता. त्यानंतर या लीगमध्ये काळा खेळाडू दिसला तो 1946 मध्ये, मॉन्ट्रियलचा जॅकी रॉबिन्सन.

भावानं मांडलेला मुद्दा

मार्च 1888 मध्ये वेल्डी वॉकरनं एका लीगच्या अध्यक्षाला लिहिलेलं पत्र ‘स्पोर्टिंग लाइफ’ या खेळांच्या साप्ताहिकात छापून आलं. त्याची मागणी अगदी साधी होती. खेळाडूला वगळायचंच असेल तर खेळ कमी पडला, वागणूक वाईट होती, अक्कल नव्हती, असं एखादं कारण द्या. रंग हे कारण होऊ शकत नाही.

वेल्डीनं अचूक जागी बोट ठेवलं होतं. तो कारण मागत होता. आणि ही सगळी व्यवस्था कारण द्यावं न लागण्यावरच उभी होती. एक दिवस हात दुखतोय, एक दिवस पिचर आजारी आहे, एक दिवस दुसऱ्या संघाचा सलोखा. प्रत्येक कारण तेवढ्यापुरतं खपून जाण्यासारखं.

अभ्यासक ॲन्सनकडे बोट दाखवतात. त्याचा दोष मोठा आहेच. पण एकटा ॲन्सन 1883 मध्ये हरला होता, हे विसरून चालणार नाही. तो जिंकायला लागला ते बाकीच्यांनी गप्प राहायचं ठरवल्यावर. मुलेननं खूण पाळली नाही, कार्यालयानं पत्र धाडलं, संचालकांनी हात वर केले, मॅनेजरनं आजारपण सांगितलं. एवढ्या हातांनी मिळून ती कडी लागली.

मैदानाबाहेर

नंतरचं आयुष्य सरळ गेलं नाही, आणि ते गोड करून सांगणं वॉकरवरच अन्याय करणारं होईल. एप्रिल 1891 मध्ये सिराक्यूजच्या रस्त्यावर काही गोऱ्या माणसांशी त्याची बाचाबाची झाली. त्यानं चाकू चालवला आणि पॅट्रिक मरे नावाचा माणूस दगावला. वॉकरवर खुनाचा खटला चालला आणि जूनमध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरींनी त्याला निर्दोष सोडलं. पुढं तो टपाल खात्यात कारकून झाला. 1898 मध्ये टपाल चोरल्याच्या आरोपात दोषी ठरून त्यानं एक वर्षाचा तुरुंगवास भोगला. दरम्यान 1895 मध्ये पहिली पत्नी अरबेला कर्करोगानं गेली होती.

त्याच माणसानं तोफगोळ्याच्या रचनेचं पेटंटही मिळवलं. कॅडिझ या ओहायोतल्या गावात त्यानं एक नाटकगृह चालवलं, तिथं नाटकं आणि पुढं चित्रपटही दाखवले. 1908 मध्ये त्यानं 47 पानांचं एक पुस्तक काढलं. त्याचा निष्कर्ष असा, की अमेरिकेत काळ्या माणसाला बरोबरी मिळणं शक्य नाही, त्यानं आफ्रिकेत निघून जावं. मला हा निष्कर्ष पटत नाही. पण ओबर्लिनमध्ये गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून शिकलेला, लीग जिंकून दिलेला माणूस जेव्हा असं लिहितो, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याआधी त्यानं काय पाहिलं ते सगळं वाचावं लागतं.

एक दुरुस्तीही नोंदवायला हवी. वॉकर हा मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू असं सर्रास लिहिलं जातं. 1879 मध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाकडून विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा एक विद्यार्थी एकच सामना खेळला होता. त्याची आई गुलाम होती आणि वडील तिचे गोरे मालक. पण तो जगात गोरा म्हणून वावरला, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. रंग लपवता आला तो एक दिवस निर्धास्त खेळला. वॉकरला लपवता येत नव्हता आणि त्यानं लपवण्याचा प्रयत्नही केला नाही.

1919 च्या जानेवारीत मुलेनची ती कबुली छापून आली तेव्हा वॉकर 62 वर्षांचा होता आणि ओहायोतच होता. पुढच्याच वर्षी चित्रपटाच्या रिळांशी संबंधित यंत्रणेची पेटंटं त्याच्या नावावर लागली. 11 मे 1924 ला क्लीव्हलंडमध्ये तो वारला. स्टुबेनव्हिलच्या युनियन स्मशानभूमीत त्याला पुरलं. त्या कबरीवर नावाचा दगड बसला तो 1990 मध्ये.